झाडाचा गळा

पौषातल्या एका सोमवारी सकाळी तू घराच्या ओट्यावर बसलास, हलीमावहिनींकडे पाणी मागितलेस, आणि पाणी येईपर्यंत गेलास. मला शाळेत निरोप आला. मी वर्ग सोडला आणि तुझ्या घरी आलो. संध्याकाळच्या आत तुला पुरले.

कबरस्तानात सगळे ओंजळीने माती घालत होते. माझ्या हातातली माती पडेना. तुझ्या धाकट्या भावाने माझ्या कोपराला हळूच हात लावला, तेव्हा ती पडली. उस्मान, इतकी वर्षे मी तुला माती काढतानाच पाहिले होते. झाडाच्या बुंध्यावर चढलेली माती तू खुरप्याने काढायचास, मुळे जवळ आली की बोटांनी काढायचास, आणि मग मागे सरून त्या उघड्या जागेकडे पाहत राहायचास. त्या दिवशी आम्ही सगळे मिळून उलटेच करत होतो. 

वाचनालयाच्या चिटणिसांनी माझ्याकडे तुझ्याविषयी लेख मागितला आहे. जन्म कुठला, शिक्षण किती, स्वभाव कसा, असे त्यांना हवे आहे. मी लिहायला बसलो, दोन ओळी लिहिल्या आणि खोडल्या. ‘तो’ म्हणून तुझ्याविषयी लिहिताना तू कुणी तिसराच वाटू लागलास. म्हणून हे असे, तुलाच.

लोणावळ्यात तुला सगळे झाडांचा डॉक्टर म्हणायचे. हे नाव तुला आवडायचे, आणि आवडत नाही असे तू दाखवायचास. तुझे वडील बागवान. मोहोर पाहून झाडावरचा आंबा आधीच विकत घेणारे. कुठला मोहोर टिकेल आणि कुठला गळेल याचा अंदाज त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. तू पुण्याला जाऊन बागकामाचे शिक्षण घेतलेस, इंग्रजी पुस्तके वाचलीस, आणि इथल्या बंगल्यांतली, रस्त्यांवरची झाडे पाहू लागलास. ‘बाप झाड बघून फळ सांगायचा, मी झाड बघून दुखणं सांगतो. धंदा एकच,’ असे तू म्हणायचास. मी शाळामास्तर. मला झाडे पुस्तकातून माहीत होती, म्हणजे त्यांची नावे माहीत होती.

तुझी पाहण्याची रीत मला पहिल्यापासून विलक्षण वाटली. झाड आजारी पडले की लोक पान तोडून आणायचे आणि तुझ्या हातात ठेवायचे. तू पान खिशात घालायचास आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहायचास. आधी शेंडा. मग फांद्या. मग खाली येऊन बुंधा. लाकडी मोगरीने खोडावर ठोकून कान लावायचास. माती उचलून हुंगायचास. आणि सगळ्यात शेवटी खिशातले पान काढून भिंगाखाली धरायचास.

“पान आधी का नाही बघत?” मी विचारले होते.

“पान म्हणजे लहान पोर, मास्तर. पोट दुखलं तरी रडतं, दात आला तरी रडतं. रडण्यावरून कळत नाही. अंगाला हात लावून बघावं लागतं.”

एका बंगल्यातला आंबा आठवतो? माळी म्हणत होता, मुंग्यांनी पोखरला. बुंध्याशी लाकडाचा भुसा पडला होता, करवतीखाली पडतो तसा. तू मला खोडाला कान लावायला सांगितलेस.

“काही ऐकू येत नाही,” मी म्हणालो.

“कसं येणार? शाळेत पोरांचं ऐकायची सवय नाही. सगळं आपलंच ऐकवायचं. गप उभा राहा.”

मी गप उभा राहिलो. थोड्या वेळाने आत कुणीतरी, दुसऱ्या खोलीत बसून पापड खावा तसे, सावकाश चावत असल्याचा आवाज आला. मी दचकून मागे सरलो. तू हसलास. “भिरूड. मुंग्या बिचाऱ्या नंतर आल्या, रिकामं घर बघून.” मग आकडा केलेली तार भोकात घालून तू ती बोटाएवढी पांढरी अळी बाहेर काढलीस, घासलेटात बुडवलेला कापूस भोकात कोंबलास आणि वरून शेणमातीने लिंपून टाकलेस. माळ्याला सांगितलेस, “मुंग्यांची माफी मागा.”

महायुद्ध सुरू झाल्यावर घासलेट मोजून मिळू लागले. तरी तुझा कापूस कोरडा राहिला नाही. घरच्या कंदिलातले घासलेट तू बाटलीत ओतून न्यायचास. वहिनी दारातून म्हणायच्या, “जा, आंब्याच्या पोटात दिवाळी करा. आम्ही अंधारात भाकऱ्या थापतो.” तू मागे न पाहता म्हणायचास, “अंधारातली भाकरी जास्त गोल होते.” झाडाच्या जखमांना लावायचा मोरचूद तर बाजारातून नाहीसाच झाला. तू जुना साठा सोन्यासारखा जपून वापरलास.

तुझे चुकलेही. खंडाळ्याच्या एका बंगल्यात झाडांच्या फांद्यांवर खवल्यांसारखी कीड बसली होती. तू साबण आणि घासलेटाचे पाणी फवारलेस. ऊन कडक, मिश्रण नीट घोटले गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी पाने भाजल्यासारखी झाली. मालकाने बोलावण्याआधीच तू त्याच्या दारात जाऊन उभा राहिलास. “कीड मेली, साहेब. पानंही मेली. पहिलं माझं काम, दुसरं माझी चूक.” त्यानंतर कुठलेही औषध आधी एका फांदीवर लावून, दोन-चार दिवस थांबून मगच तू पुढे जायचास. लोक घाई करायचे. तू थांबायचास. चूक सांगण्याची तुझी ती पद्धत मी वर्गात कितीदा तरी सांगितली आहे, तुझे नाव न घेता.

पण सगळे गाव तुला ओळखते ते वाचनालयासमोरच्या आंब्यामुळे.

तो कुणी लावला हे कुणालाच माहीत नाही. बाजाराच्या रस्त्यावर एवढी सावली दुसरीकडे नाही. गणूशेठ वारले तेव्हा त्यांचे चिरंजीव बाळाशेठ यांनी वडिलांच्या स्मरणार्थ त्या आंब्याला पार बांधला. घडीव दगड, चुन्याचे काम, आत कमरेइतकी मातीची भर, समोर नावाची फरशी. गावाला आनंद झाला. मला तर सगळ्यांत जास्त. शाळा सुटली की मी वर्तमानपत्र घेऊन तिथे बसायचो. म्हातारी माणसे यायची, बाजाराला आलेल्या बायका पाट्या उतरवून टेकायच्या, टांगेवाले वाद घालायचे. लढाईच्या आधीची ती वर्षे मला त्या पारावरच्या आवाजातच आठवतात.

काही पावसाळे गेले आणि आंबा शेंड्याकडून वाळू लागला. कुणी म्हणाले वय झाले. ग्रहणाच्या दिवशी एका आजीबाईंनी मोहोर यावा म्हणून त्याला मुसळाचे तडाखे दिले. कुणी कसल्या बाधेसाठी खिळाही ठोकला. मग तुला बोलावले. तू टांगेवाल्यांच्या अड्ड्यावर जाऊन उभा राहिलास, नेहमीसारखा वर पाहत. मग पारावर चढलास, वाकलास आणि विचारलेस, “ह्याचा गळा कुठं आहे?”

आम्ही हसलो. रामभाऊ टांगेवाला म्हणाला, “वर बगा की डाक्तर, खाली काय बगताय?”

“माणसाचा गळा वर, रामभाऊ. झाडाचा खाली. खोड संपतं आणि मूळ सुरू होतं तिथं. रस्त्याकडेचा दुसरा कुठलाही आंबा बघा. जमिनीपाशी आला की पाय पसरतो. आणि हा बघा. खांब ठोकल्यासारखा सरळ मातीत गेलाय. म्हणजे ह्याचे पाय आत पुरलेत. गळ्यापर्यंत ओली माती आणि वरून लोणावळ्याचा पाऊस. दुसरं काय होणार?”

“पण वडाला पार असतोच की,” मी म्हणालो.

“वड पारंब्या सोडून नवे पाय काढतो. आंब्याला एकच गळा.”

मग तू म्हणालास की पार काढावा लागेल. बाळाशेठ दुकानातून उठून आले. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही.

“आबांच्या नावाचा पार फोडायचा? उस्मानभाई, तुमच्या तोंडून हे?”

“शेठ, एक दगड. फक्त एक दगड काढू द्या. आत वास आला नाही तर तो दगड मी स्वतः चुन्यात बसवीन आणि पुन्हा तोंड उघडणार नाही.”

दगड निघाला. तू हाताने आतली माती उकरलीस. बुंध्याची साल काळी आणि ओली होती, बोट लावले की सुटून येत होती. तू बाजूला झालास आणि बाळाशेठना जागा दिलीस. ते वाकले. आंबलेल्या पेजेसारखा वास मला उभ्या उभ्या येत होता, त्यांना किती आला असेल. ते उठले, टोपी नीट केली, आणि बराच वेळ फरशीवरच्या नावाकडे पाहत राहिले.

“आबांना आंबा फार आवडायचा,” ते म्हणाले. “फोडा.”

तू त्यांच्या पाया पडायला वाकलास, त्यांनी पडू दिले नाही. हे मला लिहायलाच हवे होते, कारण त्या दिवशी मोठे कोण, असे कुणी विचारले तर मला आजही सांगता येणार नाही.

उन्हाळाभर तुझे ते काम चालले. भर घातलेली माती काढलीस. खोडाला फास बसल्यासारखी गुंडाळलेली मुळे कापलीस. कुजलेली साल जिवंत साल लागेपर्यंत खरवडलीस, कडेला हिरवट ओल दिसली की थांबायचास. मग काही दिवस नुसता वारा लागू दिलास. मोरचूद आणि कळीचा चुना मातीच्या वेगवेगळ्या भांड्यांत कालवून एकत्र केलास, त्यात चाकूचे पाते बुडवून पाहिलेस, पात्यावर तांबूस रंग चढला तेव्हा मान हलवून आणखी चुना घातलास. तो निळा लेप जखमांवर फासलास. शेवटी पावसाचे पाणी वाहून जायला एक चर काढलास. आंब्याच्या भोवती मोठा खड्डा दिसू लागला.

“कबर खणली का काय झाडाची?” रामभाऊने विचारले.

“कबरीतून वर काढतोय,” तू म्हणालास.

पहिल्या पावसाळ्यात आंबा आणखीच वाळला. तुला टोमणे ऐकावे लागले. ‘पार बी गेला, आंबा बी चालला,’ असे लोक तुला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचे. तू वाळलेल्या फांद्या उतरवल्यास, कापलेल्या जागा लिंपल्यास आणि म्हणालास, “आधीचं कुजणं आता बाहेर पडतंय.” मला वाटले तू स्वतःचे समाधान करतो आहेस. पुढच्या वर्षी खालच्या फांद्यांना धुमारे आले. त्याच्या पुढच्या वर्षी शेंड्यावर तांब्याच्या रंगाची कोवळी पालवी आली. त्या सकाळी तू टांगेवाल्यांच्या अड्ड्यावर उभा होतास.  सगळ्यांना चहा सांगितलास आणि स्वतःचा चहा थंड होऊ दिलास.

आणि मी तुझ्याशी भांडू लागलो. आंबा वाचला याचा मला आनंद होता, पण पार गेल्याचे दुःखही होते, आणि मी ते बोलून दाखवले.

“झाड वाचवलंस आणि झाडाखालची माणसं घालवलीस.”

“माणसं दुसरीकडे जाऊन बसतील. आंब्याला दुसरीकडे जाता येतं का?”

“ज्या झाडाखाली कुणी बसत नाही त्याला कुणी आपलं म्हणत नाही. उद्या कंत्राटदार कुऱ्हाड घेऊन आला तर कोण आडवं येणार?”

“मी येईन.”

“आणि तू नसलास तर?”

“मग तू ये. व्याख्यान दे. कंत्राटदार झोपेल.”

वळवणच्या बाजूला रस्ता रुंद झाला तेव्हा सावलीची झाडे पडली आणि खरोखरच कुणी काही म्हणाले नाही. त्या दिवशी तू माझ्याशी वाद घातला नाहीस. पण आठवड्याने पुन्हा सुरू झालास: दगडमातीशिवाय माणसाला झाडाजवळ बसताच येत नाही का, जमिनीवर का बसू नये, असे. मी म्हणालो की म्हाताऱ्या माणसांना गुडघे असतात. हा वाद आपण वर्षानुवर्षे चालवला. तू जायच्या थोडे दिवस आधी वाचनालयाच्या पायऱ्यांवरही तो झाला. “तुझं म्हणणं चूक नाही, मास्तर,” तू म्हणालास, “पण तू ते नेहमी चुकीच्या झाडाखाली बसून म्हणतोस.” मला उत्तर सुचले होते. तेवढ्यात तुला न्यायला टांगा आला. ते उत्तर माझ्याकडेच राहिले आहे, आणि आता ते फारसे चांगलेही वाटत नाही.

मध्ये एक गोष्ट सांगायची राहते. ती तुला कधी बोलून दाखवली नाही.

माझी बायको गेली त्या हिवाळ्यात लोक येऊन बसायचे, बोलायचे, जायचे. तू आलास तो दारातूनच म्हणालास, “चल. आंदर मावळात जायचंय. गाडी नाही, चालत जायचं. एकट्याला कंटाळा येतो.” तुला एकट्याला कधीही कंटाळा येत नसे, हे मला माहीत होते. आपण भाताच्या कापलेल्या खाचरांतून चालत राहिलो. तू वाटेत फक्त झाडांविषयी बोललास, तेही थोडे.

त्या गावातल्या आंब्यावर बांडगुळे माजली होती. ज्यांचा आंबा त्या मावशी तुला फांद्या तोडू देईनात.

“ही हिरवीगार हाय की रं भाऊ. बाकी झाड सुकलंय, येवढंच जितं दिसतंय. तीच कशापायी तोडतू?”

तूही त्यांच्याच बोलीत उतरलास. “मावशी, ती हिरवळ झाडाची न्हाई. पावन्याची हाय. पाखरू चिकट बी पुसून गेलं फांदीला, तितंच त्यानं मुळं घातली आन् झाडाचं पितोय. बसून खातोय नुसता.”

“म्हंजी आमच्या जावयावानी?”

“जावई दिवाळीला तरी जातू का न्हाई?”

“कुटं जातू! दोन सालं झाली.”

मावशी हसल्या, अंगणातले सगळे हसले, ओट्यावर बसलेला जावईही हसला. आणि उस्मान, मीही हसलो. मग मला एकदम लाज वाटली, कारण घरातून ती जाऊन फार दिवस झाले नव्हते. तू माझ्याकडे पाहिले नाहीस. फांदी कुठून तोडायची ते गड्याला दाखवत राहिलास: बांडगूळ चिकटले आहे तिथून नव्हे, त्याच्या हातभर मागून, नाहीतर त्याचे मूळ आत राहते. परत येताना तू मला एकच प्रश्न विचारलास. “घरी चूल पेटते का?” मी हो म्हणालो. ते खोटे होते. दुसऱ्या दिवसापासून तुझ्या घरून डबा येऊ लागला.

जाता-येताना तू एकदाही तिचे नाव काढले नाहीस. तेवढे कुणीच माझ्यासाठी केले नाही. हे तुला सांगायचे राहिले.

आता पुढचे. हेच सांगायला मी खरे तर बसलो आहे.

तुझ्या शोकसभेला वाचनालयाचे दालन भरले होते. बाळाशेठ बोलायला उभे राहिले.  “उस्मानभाईंनी माझ्या आबांचा पार फोडला आणि आंबा दिला,” ते म्हणाले. “आता त्याच आंब्याला मी त्यांच्या नावाचा पार बांधणार. जुने दगड मी परसात जपून ठेवलेत. चाळिसाव्या दिवसाच्या आत काम झालं पाहिजे.” लोकांनी टाळ्या वाजवल्या, मग ही शोकसभा आहे हे आठवून थांबवल्या. रामभाऊ डोळे पुसत म्हणाला, “लय झ्याक व्हईल.” संगमरवराची फरशी कुणी आणायची तेही ठरले.

मी गप्प बसलो.  त्या सभेत एकाही माणसाला, अगदी तो काळा बुंधा हुंगलेल्या बाळाशेठनासुद्धा, त्यात काही वावगे दिसले नाही. आपल्याकडे आवडता माणूस गेला की झाडाला पार बांधतात. तुझ्यावर त्यांचे एवढे प्रेम होते की तू आयुष्यभर काय सांगितलेस ते त्या प्रेमात वाहून गेले.

मला वाटले, हलीमावहिनी नको म्हणतील आणि मी सुटेन. मी तुझ्या घरी गेलो. त्या सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी सभेतले सांगितले.

“नाव कोरणार?” त्यांनी विचारले.

“हो. संगमरवरावर.”

त्यांनी सूप एकदा पाखडले. “मग नाव राहील,” त्या म्हणाल्या.

मी मान खाली घातली. तुझी मोगरी, तार, भिंग, सगळे कोपऱ्यात तसेच होते. मी उठायला लागलो.

“मास्तर, बसा. पार बांधला तर आंब्याला काय होतं? ते सांगा.”

“वहिनी, तुम्ही हजारदा ऐकलंय.”

“त्यांच्याकडून. तेव्हा लक्ष कुणी दिलं? तुम्ही सांगा.”

मी सांगितले. गळा, ओली माती, साल, पाऊस. तुझ्याच शब्दांत सांगितले, दुसरे शब्द माझ्याकडे नव्हते. मी पहिल्यांदाच तुझी बाजू मांडत होतो, आणि समोर तू नव्हतास. वहिनी खडे वेचत ऐकत होत्या.

“म्हणजे वर यांचं नाव आणि खाली झाड कुजणार.”

“काही वर्षांनी.”

“नको मग,” त्या म्हणाल्या. सूप खाली ठेवले. पदराने डोळे पुसले आणि लगेच, थोड्या रागानेच, म्हणाल्या, “पण मी त्यांना नेहमी म्हणायची, माणसांनी बसायचं कुठं? बाजाराच्या दिवशी पाटी डोक्यावर घेऊन किती उभं राहायचं बायांनी? झाडाचं सगळं कळायचं त्यांना. बायांच्या पायांचं नाही.”

मी हसलो. मला माहीत नव्हते की माझी बाजू तुझ्या घरात कुणीतरी इतकी वर्षे लढवत होते.

मी बाजाराकडे निघालो तर आंब्याखाली बैलगाडी उभी होती. बाळाशेठ स्वतः दगड उतरवून घेत होते. मला सभेत बोलता येत नाही, हे तू जाणतोस. पण तिथे सभा नव्हती. मी म्हणालो, “शेठ, पार नको.”

“का?”

“त्यानं नको म्हटलं असतं.”

बाळाशेठ रागावले. त्यांचा राग मला पटत होता. “एकदा बापाचा पार, आता दोस्ताचा. मास्तर, मी काही बांधायचंच नाही का? माझ्या हातून कुणाचंच नाव राहायचं नाही?”

 मी तू केले असतेस तेच केले. आंब्याच्या बुंध्याशी गेलो आणि म्हणालो, “जरा वाका इथं.” ते चिडूनच वाकले. जिथे तू लेप फासला होतास तिथे आता नवी साल दोन्ही कडांनी जवळ आली आहे, जखम मिटत आलेल्या ओठांसारखी दिसते. खोड खाली येताना पाय पसरते. पार होता तेव्हा हे आम्हाला कधीच दिसले नव्हते.

“वास घ्या.”

त्यांनी घेतला. “काही येत नाही.”

“तेच,” मी म्हणालो.

ते तसेच वाकून राहिले. त्यांचे खांदे हलू लागले, तेव्हा मी दुसरीकडे पाहिले. मग ते उठले, टोपी नीट केली आणि गाडीवानाला म्हणाले, “दगड लांब घे. सावली संपते तितं.”

ते दगड आता सावलीच्या कडेने ठेवले आहेत. चुना नाही, भर नाही, नुसते जमिनीवर, बसता येईल एवढे. बाळाशेठनी प्रत्येक दगड हलवून पाहिला. त्यातल्या एकाला जुन्या फरशीचा तुकडा चिकटून आहे, त्यावर गणूशेठांच्या नावातली दोन अक्षरे दिसतात. त्यांनी तो उलटा करू दिला नाही. बाजाराच्या दिवशी बायका तिथे बसतात. तोंडे आंब्याकडे असतात. पूर्वी आंब्याला पाठ टेकून बसायचो, आता त्याच्याकडे पाहत बसतो. हा फरक तुला आवडला असता आणि तू तो स्वतःच्या बाजूने मोजला असतास. मी माझ्या बाजूने मोजतो. वाद तिथेच आहे.

आता माघ चालू आहे. मोहोर चांगला आला आहे, पण त्यावर तुडतुडे दिसतात, आणि खालची पाने चिकट झाली आहेत. कुठे कुठे पिठासारखी पांढरी भुरीही आहे. तू पहाटे दव असताना गंधकाची पूड उडवायचास, एवढे मला आठवते. किती, ते आठवत नाही. मी आधी एका फांदीवर उडवून पाहणार आहे आणि दोन-चार दिवस थांबणार आहे. पावसाआधी बुंध्याशी वाहून आलेली माती काढावी लागते, ते वहिनी करणार म्हणतात. तुझे खुरपे त्यांनी मला देऊ केले नाही.

संगमरवराची फरशी आली आहे. ती बाळाशेठच्या दुकानात भिंतीला टेकवून ठेवली आहे, कोरी. तुझे नाव कुठेही कोरलेले नाही. आंब्याचा गळा उघडा आहे.